पडायला लाजू नये

गेल्या वर्षी आषाढात, गुरुपौर्णिमेच्या आठवडाभर आधी, मी पडले. बोरिवली पश्चिमेला वझिरा नाक्याकडून आमच्या सोसायटीकडे वळणारी गल्ली, सकाळचे साडेदहा. डाव्या हातात उघडी छत्री, उजव्या हातात भाजीची पिशवी. फुटपाथवरच्या एका सुट्या पेव्हर ब्लॉकखाली पाणी साठले होते. त्यावर पाय पडताच ब्लॉक हलला, पाय सरकला आणि पुढच्या क्षणी मी जमिनीवर होते. मधले काहीच आठवत नाही. आठवते ते एवढेच, की पिशवीतली दोडकी रस्त्यावर घरंगळत गेली आणि मला वेदनेच्या आधी लाज वाटली. आजूबाजूला कोणी पाहिले तर नाही ना, हा पहिला विचार. दोघे-तिघे धावत आले, त्यांना “काही नाही, काही नाही” म्हणत मी घाईने उठायला गेले आणि उजवा हात टेकताच डोळ्यांपुढे अंधारी आली. मनगटाचे हाड मोडले होते. छत्री मात्र मी अखेरपर्यंत सोडली नव्हती. ती शाबूत होती.

माझे वय ७१. यांचे ७८. यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्सचा आजार आहे. बटणे लावणे, खुर्चीतून उठवणे, रात्री न्हाणीघरापर्यंत सोबत करणे ही माझी कामे. मुलगी मुलुंडला असते. ती आठवड्यातून दोनदा येते, पण बोरिवली आणि मुलुंड ही एकाच मुंबईची उपनगरे असली तरी पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेमार्गांवरची आहेत, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. प्लास्टर घातले जात असताना माझ्या मनात हाताची चिंता नव्हतीच. सहा आठवडे यांना कोण धरणार, हाच एक प्रश्न होता. सांभाळणाराच पडला, तर दोन माणसे पडतात.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी मुलीला सांगितली. त्याआधी चैत्रातही मी एकदा स्वयंपाकघरात तोल जाऊन पडले होते. लागले नव्हते, म्हणून कोणालाच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी ते ऐकले तेव्हा ते रागावले नाहीत, पण लेखणी खाली ठेवून म्हणाले, “पुढे पडण्याची सगळ्यात मोठी खूण म्हणजे आधी पडलेलं असणं. हे तुम्ही लपवलंत, तर आम्ही काय करणार?” चैत्रातच सांगितले असते तर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचा नंबर आणि हाडांची घनता तेव्हाच तपासली गेली असती. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मी वर्गात मुलांना अनेकदा समजावून सांगितली आहे. येथे पुढचीही मीच होते आणि मागचीही मीच, तरी शहाणपण आले नव्हते.

भीतीचे प्लास्टर

हाताचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. मनावर चढलेले प्लास्टर निघायला अधिक काळ लागला. मी बाहेर जाणे बंद केले. घरात भिंतीला हात लावून चालू लागले. मुलीने प्रेमानेच बजावले होते, “आई, आता कुठेही जायचं नाही.” ते मला मनातून पटलेही होते.

पण मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवत होत्या. त्या मुलुंडला एकट्या राहत. एका रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. सकाळी दूधवाल्याने दार वाजवले, आतून उत्तर आले नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी दुसऱ्या किल्लीने दार उघडले. साडेचार तास त्या ओल्या फरशीवर होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, चौथ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभेही केले. पण घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “मी आता पलंगावरून उतरणार नाही. पुन्हा पडले तर?” सगळ्यांनी ते मानले. कोणी पाणी दिले, कोणी जेवण, कोणी बेडपॅन. पायांतली शक्ती गेली, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला. वर्ष पुरे व्हायच्या आत त्या गेल्या. त्यांचे हाड जुळले होते. त्यांना नेले ते न चालण्याने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे आकडे वाचून कोणीही घाबरेल. पण भीतीने माणूस कमी चालतो, कमी चालल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांचा माणूस अधिक पडतो. हे चक्र जाऊबाईंच्या घरी मी डोळ्यांनी पाहिले होते. आता ते माझ्या घरी फिरू लागले होते.

खिडकीखालचे गोविंदा

आमच्या खिडकीखाली एक लहानसे मैदान आहे. गुरुपौर्णिमेपासून तेथे गोविंदा पथकाचा सराव सुरू होतो. प्लास्टरचा हात झोळीत घालून मी संध्याकाळी खिडकीत बसत असे. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा त्या पथकात आहे. खालून तिसऱ्या थराला असतो. बोरिवलीहून चार-पाच स्थानके अलीकडे जोगेश्वरी. तेथल्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर रचून विक्रम केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे ते नऊ थर आहेत. आमच्या पोरांची झेप सहाच्या पुढे नाही.

मी पूर्वी वर चढणारा मुलगा पाहत असे. त्या वर्षी मी कोसळणारे थर पाहू लागले. थर डळमळला की खालची मुले पळून जात नाहीत, अधिक जवळ येतात. वरची मुले उडी मारून लांब जात नाहीत. अंग सैल सोडून, गुडघे वाकवून, माणसांच्या अंगावरूनच खाली येतात. भोवतालचे कडे हात वर करून त्यांना झेलते. मग क्षणभर थांबून सगळे एकमेकांना विचारतात, “लागलं का?” आणि पुन्हा रचना सुरू होते.

हा खेळ निर्धोक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दरवर्षी गोविंदा जायबंदी होतात, काहींचे आयुष्य अंथरुणाला खिळते. लहान मुलांच्या सहभागाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०१७ साली चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, अशी ग्वाही राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दिली, ती उगाच नव्हे. पण एक दिवस तो मुलगा आईने दिलेली अळूवडी घेऊन आला, तेव्हा मी त्याला विचारले, “काय रे, पडायची भीती नाही वाटत?”

“वाटते ना, आजी. पण आम्ही आधी उतरायला शिकतो, मग चढायला. आमचे दादा पहिल्याच दिवशी सांगतात, पडायची वेळ आली तर पडायला लाजायचं नाही. अंग आखडलं की लागतं.”

तो अळूवडी ठेवून गेला, पण त्याचे ते वाक्य माझ्यापाशी राहिले. मी त्या सकाळी अंग आखडले होते. छत्री धरून ठेवली होती. हात ताठ पुढे केला होता. आणि पडल्यावरही लाजेने, मोडलेल्या मनगटावर भार देऊन उठायला गेले होते.

पडता पडता काय करावे?

प्लास्टर निघाल्यावर मनगटाच्या व्यायामासाठी मी फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागले. मुलगी वयाने तिशीतली, पण शिकवण्याची हातोटी अशी, की मला माझी शाळा आठवावी. मी तिला गोविंदाचे वाक्य सांगितले. ती हसून म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. जुडोतही पहिला धडा पडण्याचाच असतो.” जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुडोची पाठशाळा काढली. तेथे प्रतिस्पर्ध्याला पाडण्याआधी स्वतः सुखरूप पडायला शिकावे लागे. नेदरलँड्समधील नायमेखन येथे ज्येष्ठ नागरिकांसाठी आखलेल्या वर्गांत हीच तंत्रे, सौम्य करून, जाड गाद्यांवर शिकवली गेली आहेत.

तिने मला समजावले ते असे. उभ्या स्थितीतून जमिनीवर यायला एका सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्या वेळात विचार होत नाही. शरीर सवयीने वागते. आणि शरीराची उपजत सवय म्हणजे ताठ हात पुढे करणे. मनगटाजवळचे हाड अशा वेळी विशिष्ट प्रकारे मोडते. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली त्याचे वर्णन केले. माझ्या कागदावर त्यांचेच नाव लिहिले होते. हात पुढे जाणे ही चूक नव्हे, हात तोंड वाचवायलाच धावतो. पण तो कोपरात वाकलेला असावा, म्हणजे धक्का एका हाडावर न येता तळवा, पुढचा हात आणि दंड यांत विभागला जातो.

तिने सांगितलेल्या गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत.

हातातले सोडून द्या. पिशवी, छत्री, मोबाइल, दुधाची पातेली यांपैकी काहीही हाडाहून मोलाचे नाही.

तोल गेला असे कळताच गुडघे आणि कंबर वाकवा. जितके खाली जाल तितके पडण्याचे अंतर कमी. बसल्यासारखे पडणे हे ताठ झाडासारखे पडण्यापेक्षा नेहमीच बरे.

डोके वाचवा. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटत नाही. पुढे पडत असाल तर तोंड एका बाजूला वळवा.

शक्य झाल्यास मांसल भागावर या. नितंब, मांडी, खांद्यामागचा भाग यांना मार सोसतो. गुडघ्याची वाटी, माकडहाड आणि खुब्याची बाहेरची बाजू यांना सोसत नाही. सरळ कुशीवर आदळण्याने खुब्याचे हाड मोडण्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून अंग थोडे वळवून नितंबावर घ्यावे.

पडण्याला अडवू नका. अंग लोळत असेल तर लोळू द्या. अर्ध्यावर थांबण्याच्या धडपडीतच सांधे पिरगळतात. आणि पडताना शेजारच्या वृद्ध जोडीदाराला धरू नका.

हे सगळे एका सेकंदात आठवणार कसे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “आठवणार नाही. म्हणून तर सराव.” हा सराव म्हणजे धाडकन अंग टाकणे नव्हे. आधी पलंगावर पडल्या पडल्या हनुवटी छातीला लावणे आणि कुशीवर वळणे. मग जमिनीवर जाड गादी घालून, शेजारी भक्कम खुर्ची ठेवून, खुर्चीला धरून सावकाश खाली बसणे, आडवे होणे आणि पुन्हा उठणे. तिच्या देखरेखीखाली मी हे तीन महिने केले. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, मणक्याचे हाड दबले आहे, गुडघा वा खुबा बदललेला आहे किंवा चक्कर येते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आणि एकट्याने तर कोणीच करू नये.

डोक्याबाबत ती फार आग्रही होती. कॅनडातील व्हँकुव्हरजवळच्या दोन वृद्धनिवासांत सामाईक जागी कॅमेरे लावून, ज्येष्ठ माणसे प्रत्यक्षात कशी पडतात याचा अभ्यास झाला आहे. त्या चित्रणांत सुमारे ३७ टक्के वेळा डोके आपटले होते. नुसते हात टेकले गेल्याने डोके वाचले, असेही दिसले नाही. त्यामुळे हात, मान आणि गुडघे या सगळ्यांचीच थोडी थोडी तयारी हवी.

त्याच चित्रणांवरचा निबंध २०१३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. १३० माणसांच्या २२७ पडण्यांपैकी ४१ टक्क्यांचे कारण शरीराचा भार चुकीच्या बाजूला जाणे हे होते. अडखळून पडणे २१ टक्के. म्हणजे वाटेतल्या अडथळ्यांपेक्षा वळणे, वाकणे, उठणे, बसणे यांतच अधिक माणसे पडतात. हे ऐकून मला यांची आठवण झाली. हे चालताना क्वचित पडतात. पडतात ते वळताना. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: जागच्या जागी गिरकी नाही, देवळात घालतो तशी प्रदक्षिणा. चार पावले अधिक पडली तरी चालतील, पण मोठे वळण घ्यायचे.

पडल्यानंतरची पाच मिनिटे

पडण्याइतकेच महत्त्व पडल्यानंतरच्या वागण्याला आहे. तेथे आपण सगळेच चुकतो. पडलेला घाईने उठू पाहतो आणि भोवतालचे त्याला काखेत हात घालून उचलू पाहतात. दोन्ही घातक.

आधी मिनिटभर तसेच पडून राहावे. श्वास घ्यावा. हातांची बोटे, पायांची बोटे हलतात का पाहावे. मान दुखते का, कंबरेत कळ येते का, ते तपासावे. एक पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, पाय उचलता येत नसेल, मान वा पाठ तीव्र दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, बोलणे अडखळत असेल, तर माणसाला हलवू नये. अंगावर पांघरूण घालून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डोके आपटले असेल आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात दाखवावे. उतारवयात डोक्यातला रक्तस्राव कधी कधी सावकाश होतो. दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखणे, गुंगी येणे, विसराळूपणा किंवा चालण्यात फरक दिसू लागला, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. पडल्याची तारीख डॉक्टरांना सांगावी.

काही मोडलेले नाही अशी खात्री झाली, तर उठण्याची रीत अशी आहे. कुशीवर वळावे. कोपरावर, मग हातांवर भार घेऊन चार पायांवर यावे, तान्हे मूल रांगते तसे. गुडघे दुखत असतील तर खाली चादरीची घडी घ्यावी. रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपाशी वा पलंगापाशी जावे. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत. बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवावे. हातांवर आणि त्या पायावर जोर देऊन उठावे, वळावे आणि खुर्चीत बसावे. लगेच चालू लागू नये.

उठता येतच नसेल तर गारठ्यापासून आणि एकाच अंगावर पडून राहण्यापासून जपावे. हाताला लागेल ते पायपुसणे, टॉवेल, चादर अंगावर ओढावी. दर थोड्या वेळाने कूस बदलावी, पाय हलवावेत. ओरडून घसा बसवण्यापेक्षा बादली, तांब्या, दार वाजवावे. जाऊबाईंच्या मोरीत तांब्या हाताच्या अंतरावर होता. त्यांना तो वाजवावासा का वाटला नाही, हे मी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, “एवढ्या रात्री लोकांना कशाला उठवायचं?”

पौषातली ती रात्र

डिसेंबरच्या अखेरीस, पहाटे साडेतीनला, धप्प असा आवाज आला. हे मला न उठवता एकटेच उठले होते. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि हे पडले. मी दिवा लावला. हे कुशीवर होते, डोळे उघडे. पहिले शब्द काय असावेत? “काही नाही गं, काही नाही.”

माझा हात आपोआप यांच्या काखेकडे गेला. मग मी थांबले. माझे वजन ५२ किलो, यांचे ७०. मी ओढले असते तर यांचा खांदा निखळला असता, माझी कंबर गेली असती आणि आम्ही दोघेही सकाळपर्यंत तेथेच राहिलो असतो. मी ओढले नाही. मी यांच्या शेजारी जमिनीवर बसले. तीन महिने गादीवर जो सराव केला होता, त्यामुळे ते बसणे मला जमले.

“अहो, घाई नाही. आधी सांगा, डोकं आपटलं का?”

“नाही. आपटलं नाही.”

“कंबर? पाय हलवून दाखवा.”

दोन्ही पाय हलले, दोन्ही पाय सारखे दिसत होते. आम्ही पाचेक मिनिटे तशीच जमिनीवर बसलो. यांच्या पाठीखाली मी उशी दिली, अंगावर शाल घातली. यांचे हात थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी होते. मी म्हटले, “लाजायचं काय त्यात? मी तर भर रस्त्यात पडले होते, दोडक्यांसकट.” हे हसले. हसल्यावर यांचे अंग सैल झाले.

मग मी दोन खुर्च्या आणल्या. एक यांच्या तोंडासमोर, हात टेकायला. दुसरी मागे, बसायला. पार्किन्सन्समध्ये हालचाल सुरू करणेच कठीण जाते. मोजून दिलेल्या ठेक्याने ती सुरू व्हायला मदत होते, हे आम्हाला ठाऊक होते. “एक, दोन, तीन” म्हणताच हे कुशीवर वळले. पुन्हा “एक, दोन, तीन”, आणि कोपरावर आले. मग गुडघ्यांवर. समोरच्या खुर्चीवर दोन्ही हात ठेवले, उजवे पाऊल पुढे घेतले आणि उठले. मी मागची खुर्ची त्यांच्याखाली सरकवली. मी यांना उचलले नाही. फक्त मोजत होते आणि खुर्च्या धरत होते. पहाटे सव्वाचारला मी चहा केला. सकाळी डॉक्टरांना फोन केला आणि मुलीलाही. या वेळी आम्ही काहीच लपवले नाही.

मुलगी दुपारी आली. तिचा पहिला शब्द होता, “आता रात्रीची बाई ठेवूया.” ते आम्ही मान्य केले, आठवड्यातून चार रात्री एक बाई येते. पलंग आणि कपाट यांच्यातले अंतर वाढवले, पलंगाखाली मंद दिवा लावला, न्हाणीघरात दोन दांडे बसवले. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, मग उभे राहायचे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरत नाही, हेही ठरले. पण “आता कुठेही जायचं नाही” हे वाक्य तिने उच्चारले नाही, आणि उच्चारले असते तरी या वेळी मी मानले नसते.

जमिनीशी ओळख

मला राहून राहून वाटते, की आमची पिढी जमिनीवर वाढली. पाटावर जेवलो, सतरंजीवर शिकलो, गादी घालून झोपलो. दिवसातून वीस वेळा खाली बसून उठत होतो. मग डायनिंग टेबल आले, सोफा आला, गुडघे कुरकुरू लागले आणि जमीन ही फक्त पाय टेकण्यापुरती उरली. ज्या जागेशी ओळखच सुटली, तेथे अचानक जाऊन पडलो की घाबरणारच.

ब्राझीलमधील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले होते. हात वा गुडघे टेकल्याशिवाय ज्यांना ते जमले, त्यांच्यात पुढील काही वर्षांतले मृत्यू कमी आढळले. बसण्या-उठण्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. ते जमते म्हणजे स्नायू, सांधे आणि तोल शाबूत आहेत, एवढाच अर्थ. पण तोल आणि पायांची ताकद व्यायामाने वाढवता येते, हे पक्के आहे. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

आता रोज सकाळी आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलतो, खुर्चीतून दहा वेळा उठबस करतो. आठवड्यातून दोनदा, मुलगी किंवा बाई घरात असताना, मी गादीवर उतरते आणि खुर्ची धरून उठते. मग छत्री न घेता, रेनकोट घालून, दोन्ही हात मोकळे ठेवून भाजीला जाते. पिशवी खांद्याला आडवी लावते.

परवा गुरुपौर्णिमा झाली. खिडकीखाली सराव पुन्हा सुरू झाला आहे. काल चौथा थर लागता लागता सगळे कोसळले. समोरचा मुलगा पाठीवर पडला, हनुवटी छातीला लावलेली. मी वरून पाहत होते. त्याने उठून वर पाहिले आणि हात हलवला. मी विचारले, “लागलं का रे?”

“नाही, आजी. तुमचं काय?”

“माझंही बरं चाललंय,” मी म्हटले.